उत्पादकता, कार्यक्षमता की उरक?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआरला असणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. कंपनीचं प्रॉडक्टिव्हिटीवरचं परिपत्रक मराठीत करायचंय, त्यात एकाने 'उत्पादन क्षमता' लिहिलं, दुसऱ्याने 'कार्यक्षमता', तिसऱ्याने 'उत्पादकता', तर बरोबर कुठलं, ऑफिसातल्या लोकांनाही तोच शब्द लावायचा का, आणि उत्पादकता 'सुधारायची' की 'वाढवायची'?

ताई, शब्द 'उत्पादकता'च. सरकारी मराठीत तोच आहे, 1958 साली दिल्लीत स्थापन झालेल्या संस्थेचं नावही राष्ट्रीय उत्पादकता परिषद असंच आहे आणि दरवर्षी 12 ते 18 फेब्रुवारीला जो उत्पादकता सप्ताह असतो त्याच्या बॅनरवर हाच शब्द दिसतो. पण तुमच्या तिघांनी तीन शब्द लिहिले त्यामागे कारण आहे. हे तिन्ही शब्द तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत, आणि परिपत्रकात ते एकमेकांच्या जागी आले तर वाचणारा कामगार भलताच अर्थ घेणार.

आपल्याकडे हे समजून घ्यायला साखर कारखान्याइतकी चांगली जागा नाही. कारखान्याची गाळप क्षमता समजा रोज 5000 टन, ही झाली उत्पादनक्षमता, म्हणजे यंत्रं जास्तीत जास्त किती ओढू शकतात ते. हंगामात प्रत्यक्ष जी पोती पडली ते उत्पादन. आणि एक टन उसामागे साखर किती निघाली तो उतारा, 11 टक्के उतारा म्हणजे टनाला 110 किलो. हा उतारा म्हणजे कच्च्या मालाची उत्पादकताच आहे, फक्त तसं कुणी म्हणत नाही. एफआरपीसुद्धा, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, सध्या 10.25 टक्के मूळ उतारा धरून ठरते, नुसत्या टनावर नाही, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याला उत्पादन वेगळं आणि उत्पादकता वेगळी हे शिकवायची गरजच नाही, त्याला शब्द तेवढा वेगळा वाटतो.

अडचण शब्दाच्या घडणीतच आहे असं मला वाटतं. उत्पादक + ता. 'ता' लागला की मराठी कानाला तो गुण वाटतो, नम्रता, चपळता तसा, आणि मग 'अमक्याची उत्पादकता कमी आहे' हे वाक्य माणसाच्या स्वभावावरचा शेरा होऊन बसतं. मुळात तो गुण नाही, ते गुणोत्तर आहे. वर काय निघालं आणि खाली काय खर्ची पडलं. समजा कारखान्याच्या एका विभागात 10 माणसं 8 तासात 400 नग काढतात, म्हणजे माणशी ताशी 5 नग. ऑर्डर वाढली, 12 माणसं लावली, 456 नग निघाले. उत्पादन वाढलं, सगळे खूश, पण माणशी ताशी 4.75 झाले, म्हणजे उत्पादकता घसरली. आणि घसरली ती त्या 12 जणांच्या आळसामुळेच असं अजिबात नाही, मशीन तेवढीच असेल, क्रेनची वाट बघण्यात वेळ जात असेल, कास्टिंग, म्हणजे ओतलेला कच्चा भाग, उशिरा येत असेल. हे आकडे बघितल्याशिवाय कुणाकडे बोट दाखवायचं नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, परिपत्रकात 'उत्पादकता' हा शब्द एकटा सोडू नका, कशामागे ते लगेच लिहा. आणि इथे मराठी फार कामाला येते, कारण खालचा आकडा दाखवायची सोय आपल्या भाषेत आधीपासूनच आहे, नुसती 'ई' लावली की झालं: एकरी, ताशी, माणशी. नाहीतर 'मागे' आहे, टनामागे, युनिटमागे. 'श्रम उत्पादकता' लिहिलं की सुपरवायझर पान उलटतो, 'माणशी ताशी नग' लिहिलं की थांबून वाचतो.

यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. खाली काय ठेवायचं हे ठरवणं म्हणजे आपल्याकडे टंचाई कशाची आहे ते ठरवणं. कृष्णाकाठी वाळवा तालुक्यात ऊसवाला एकरी टनात बोलतो कारण तिथं जमीन मोजकी आहे. तेच जत, आटपाडी किंवा साताऱ्यातल्या माण-खटावला एकरी आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, तिथं पाण्यामागे किती पिकलं ते बघायला पाहिजे, आणि त्या हिशोबात ऊस खाली जाऊन डाळिंब वर येऊ शकतं. तुमच्या कारखान्यातही तसंच, वीज महाग पडत असेल तर विजेच्या युनिटमागे किती किलो माल वितळला तो आकडा आधी मांडा, माणशी नंतर.

आता कार्यक्षमता. हा शब्द चुकीचा नाही पण त्याला तुलनेसाठी एक ठरलेलं माप लागतं. वरच्याच उदाहरणात माणशी ताशी 6 नग हे प्रमाण ठरलं असेल आणि 5 निघत असतील तर कार्यक्षमता साधारण 83 टक्के. उत्पादकता नगात येते, कार्यक्षमता टक्क्यात. दोन्ही कॉलम वेगळे ठेवा. आणि नग मोजताना रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास झालेले नग, वजा करूनच मोजा, कारण परत आलेला नग वर धरला तर सगळा हिशोबच खोटा.

ऑफिसचं मात्र अवघड आहे. स्टोअरचा क्लार्क, पेरोल बघणारी मुलगी, यांचे नग कुठले मोजणार? सरकारी कार्यालयात 'निपटारा' हा शब्द रुळलाय, झिरो पेंडन्सीच्या, म्हणजे काही प्रलंबित न ठेवायच्या, मोहिमेनंतर तर जास्तच, आणि अर्ज-बिलं-फायली असल्या कामाला तो चांगला शब्द आहे, दिवसाकाठी किती निकाली निघाले आणि किती प्रलंबित ते कळतं. पण नुसता आकडा घेतला की 'त्रुटी पूर्ण करून सादर करावे' एवढा शेरा मारून परत पाठवलेली फाईलसुद्धा निपटाऱ्यात धरली जाते, माणूस मात्र पुन्हा रांगेत. म्हणून तिथे आणखी एक शब्द लागतो, परिणामकारकता, म्हणजे ज्यासाठी काम होतं ते झालं का. पेरोलला पगारपत्रकं किती केली यापेक्षा चुका दुरुस्त करायला किती परत आली ते विचारा.

आणि 'उरक'. हा माझा आवडता शब्द, बोलण्यात आहे तो लेखी मराठीतही यावा असं मनापासून वाटतं. 'तिच्या हाताला उरक आहे' यात वेग आहे, नीटपणा आहे, काम हातावेगळं करायची सवय आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनातली कदरही आहे. तासगावला द्राक्षछाटणीचं काम एकरी उक्तं देताना टोळीचा उरकच बघतात. पण उरक माणसाचा असतो, यंत्राचा किंवा कारखान्याचा नसतो, आणि तो आकड्यात मांडायचा शब्द नाही. कौतुकाच्या पत्रात, वार्षिक अहवालातल्या शेऱ्यात जरूर वापरा, तक्त्याच्या मथळ्यात नको.

राहिलं क्रियापद. गुणोत्तर वाढतं किंवा घटतं, म्हणून 'उत्पादकता वाढवणे'. सुधारते ती कामाची पद्धत, मांडणी, देखभाल. 'उत्पादकता सुधारणे' कानाला खटकतं ते यामुळेच. तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'मशीनच्या सेटिंगला लागणारा वेळ आणि रिजेक्शन कमी करून माणशी ताशी नग वाढवणे, हे यंदाचं उद्दिष्ट आहे.' मथळ्यात 'उत्पादकता' ठेवा, खाली हे वाक्य, आणि त्याखाली मागच्या वर्षीचा आकडा.