एका बिटातनं चोवीस बिट येतात कुठनं?

प्रश्न: मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ वजनकाटे दुरुस्त करतो. काट्यातली एचएक्स७११ चिप, म्हणजे वजनाच्या व्होल्टेजचा आकडा करणारा कन्व्हर्टर, डेल्टा-सिग्मा पद्धतीची असते आणि तिच्या आतला मॉड्युलेटर नुसते ० आणि १ (एकेक बिट) सोडतो असं ऐकलं. मग २४ बिटचं रीडिंग येतं कसं? आणि रेट पिन (सेकंदाला किती रीडिंग ते ठरवणारी) १० वरनं ८० वर टाकली की आकडा का नाचतो?

उत्तर: दादा, मॉड्युलेटर व्होल्टेज एका दमात मोजायला जातच नाही. आत एक इंटिग्रेटर (येईल ते साठवत जाणारा), एक कंपॅरेटर (साठा हद्दीला पोचला का बघणारा) आणि आउटपुट परत इनपुटकडं आणणारा फीडबॅक, एवढाच संसार. समजा रेफरन्स ५ व्होल्ट, इनपुट २ व्होल्ट. दर क्लॉकला साठ्यात २ ची भर पडते, साठा ५ ला पोचला की १ सुटतो आणि ५ वजा होतात, नाहीतर ० सुटतो. कागदावर करून बघा: २ झाले, ०. ४ झाले, ०. ६ झाले, १ सुटला, बाकी १. मग ३, परत ०. मग ५, १ सुटला, बाकी शून्य. म्हणजे ००१०१, आणि हेच परत परत. पाचात दोन वेळा १, म्हणजे ५ चे दोन पंचमांश, बरोबर २ व्होल्ट! इनपुट २.०१ केलं तर ५०० बिटांत २०० ऐवजी २०१ वेळा १ येतो, तो एक जादा दिसायचा तर तेवढे बिट मोजायला लागतात, बस्स.

खरी करामत त्या बाकीत आहे. साधा कन्व्हर्टर राहिलेली चूक सोडून देतो, हा मात्र किराणावाल्याच्या वहीसारखी बाकी पुढं ओढतो, त्यामुळं चूक पुढच्या बिटांत फिटत जाते, नॉइज (म्हणजे रीडिंगमधली फालतू थरथर) वरच्या फ्रिक्वेन्सीला ढकलला जातो आणि मागचा डिजिटल फिल्टर तो छाटतो. बाकी न ओढता नुसतं सॅम्पलिंग (सेकंदाला किती वेळा मोजायचं ते) दुप्पट केलं तर अर्धा बिट पदरात पडतो, फर्स्ट ऑर्डर लूपमधे (वरच्यासारखा एकच इंटिग्रेटर) दीड, सेकंड ऑर्डरमधे (दोन इंटिग्रेटर) अडीच. जपानच्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी या इंजिनिअरांनी ही डेल्टा-सिग्मा पद्धत १९६२ मधेच मांडलेली.

आता तुमचा काटा. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल (वजनाचं व्होल्टेज करणारा सेन्सर) ५ व्होल्टवर फुल लोडला जेमतेम १० मिलिव्होल्ट देतो, तेव्हा खालचे बरेच बिट नॉइजच असतात, २४ आकडा छापायला बरा दिसतो एवढंच. ८० वर फिल्टरला सरासरी काढायला वेळ कमी मिळतो म्हणून आकडा नाचतो, १० वर लाइटीचा ५० हर्ट्झचा त्रासपण दबतो. फक्त १० वर आकडा बसायला ४०० मिलिसेकंद लागतात, तेव्हा बेदाण्याचा बॉक्स टेकवल्या टेकवल्या वजन वाचू नका.