वाचकांचे प्रश्न : तोंदोनियाची वाइन आणि एब्रोकाठचा मुलूख

प्रश्न : माझ्या मुलाने स्पेनहून ‘विन्या तोंदोनिया’ नावाच्या तांबड्या वाइनची बाटली आणली. तिच्यावर बारा वर्षांपूर्वीचे साल आहे, पण दुकानात ती नुकतीच विक्रीला आली होती, असे तो सांगतो. एवढी वर्षे ती कुठे होती? आणि अशा वाइनमध्ये ‘त्या मुलखाचा स्वभाव उतरतो’ असे म्हणतात, त्यात तथ्य किती आणि जाहिरात किती? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या हाती आलेली बाटली लोपेझ दे एरेदिया या घराण्याची आहे. उत्तर स्पेनमधल्या रिओहा प्रांतात, एब्रो नदीजवळच्या आरो या गावात रफाएल लोपेझ दे एरेदिया यांनी १८७७ मध्ये ही वायनरी स्थापन केली आणि आज त्यांची चौथी पिढी, म्हणजे मारिया होसे, मर्सेदेस आणि हुलिओ सेझार ही भावंडे, ती चालवत आहे. त्या काळी फ्रान्समधल्या बागा फायलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने उद्ध्वस्त होत होत्या आणि बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात डोंगर ओलांडून रिओहात येत होते. आरोला नुकतीच रेल्वे पोहोचली होती, त्यामुळे गावातल्या नामांकित वायनऱ्या स्टेशनाभोवतीच उभ्या राहिल्या. लहान ओक पिंपांत वाइन मुरवण्याची बोर्दोची रीत या भागात रुजली ती याच काळात. पुढे १८९९ च्या सुमारास ती कीड रिओहातही आली आणि बागा कलमी खुंटांवर, म्हणजे दुसऱ्या वेलाच्या मुळांवर कलम करून, पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. तोंदोनियाची बाग १९१३-१४ मध्ये लावली गेली, ती या पडझडीनंतरची.

बारा वर्षे वाइन कुठे होती, याचे उत्तर सरळ आहे. ती त्या घराच्या तळघरात होती. दगडात खोदलेल्या थंड, ओलसर भुयारांमध्ये तोंदोनियाची तांबडी ‘रिझर्व्हा’ (ठरावीक काळ मुरवलेल्या वाइनचा दर्जा) सुमारे सहा वर्षे पिंपात राहते आणि त्यानंतर आणखी काही वर्षे बाटलीत. निवडक सालांतच केली जाणारी ‘ग्रान रिझर्व्हा’ पिंपातच दहा वर्षांच्या आसपास काढते. रिओहाच्या नियमांनुसार तांबड्या रिझर्व्हासाठी एकूण तीन वर्षे पुरतात आणि त्यांतले एकच वर्ष पिंपात जावे लागते. ग्रान रिझर्व्हासाठी एकूण पाच वर्षे लागतात आणि त्यांतली दोन पिंपातली असावी लागतात. म्हणजे या घराण्याने कायद्याच्या कितीतरी पुढचे बंधन स्वतःहून स्वीकारले आहे. या वर्षांत वाइन वर्षातून साधारण दोनदा एका पिंपातून दुसऱ्यात उतरवून गाळापासून वेगळी केली जाते आणि शेवटी अंड्याच्या पांढऱ्या बलकाने ती नितळ करतात.

आता मुलखाच्या स्वभावाविषयी. जाहिरातीत या शब्दांचा पुष्कळ गैरवापर होतो, हे मान्यच केले पाहिजे. तरीही गोष्ट खरी आहे आणि ती तपासून पाहता येते. रिओहाच्या उत्तरेला कांताब्रियाची डोंगररांग आहे. अटलांटिकवरून येणारे गार, ओले वारे ती बऱ्याच अंशी अडवते, पण पश्चिमेकडच्या आरोच्या बाजूला त्या गारव्याचा काही वाटा पोहोचतोच. एब्रोबरोबर पूर्वेकडे जावे तसा प्रदेश उष्ण आणि कोरडा होत जातो, आणि तिकडची वाइन अधिक भरीव व अधिक अल्कोहोलची होते. आरोकडे द्राक्ष सावकाश पिकते आणि त्याचा आंबटपणा टिकून राहतो. या आंबटपणाच्या बळावरच तिथली वाइन पिंपातली सहा-दहा वर्षे सोसते. तो नसता तर ती केव्हाच ढेपाळली असती.

तोंदोनियाची बाग एब्रोच्या एका मोठ्या वळणात उजव्या काठावर आहे. शंभर हेक्टरांहून मोठी ही बाग नदीने आणलेल्या गाळाच्या, चुनखडीयुक्त जमिनीवर उभी आहे. त्याच घराण्याची बोस्कोनिया नावाची तांबडी वाइन डोंगररांगेच्या बाजूच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या लहान बागेतून येते. दोन्हींत मुख्य द्राक्ष टेंप्रानियो हेच असते आणि बाकी गार्नाचा, ग्रासियानो व मासुएलो यांची भर असते. टेंप्रानियो गंध आणि बांधा देते, गार्नाचा भरीवपणा देते, तर ग्रासियानो आणि मासुएलो आंबटपणा व रंग राखतात. दोन्ही वाइन शंभर वर्षांहून जुन्या लाकडी कुंडांत बागेतल्या नैसर्गिक यीस्टवर आंबवल्या जातात आणि दोन्ही त्याच जुन्या अमेरिकन ओकच्या पिंपांत मुरतात. एवढे सारे सारखे असूनही तोंदोनिया अधिक नाजूक आणि सुगंधी लागते, तर बोस्कोनिया अधिक भरदार. बोस्कोनियात टेंप्रानियोचे प्रमाण थोडे जास्त असते आणि काही फरक त्यामुळे पडतो; परंतु उरलेल्या फरकाचे श्रेय मी जमिनीलाच देतो.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगावीशी वाटते. नवे पिंप वाइनला व्हॅनिलाचा आणि नारळाचा गंध देते. तो गंध इतका गोड आणि ठळक असतो की त्याखाली बाग कुठली होती हे कळेनासे होते. लोपेझ दे एरेदियांची पिंपे मात्र दशकानुदशके वापरातली असतात आणि त्यांची दुरुस्ती घरच्याच कारखान्यात होते. अशा पिंपाचे काम वाइनला हळूहळू हवा लागू देणे एवढेच उरते. प्रदेशाचा स्वभाव चाखायचा असेल, तर आधी बनवणाऱ्याने आपला हात थोडा मागे घ्यावा लागतो, असे माझे मत या घराण्याच्या वाइनमुळेच पक्के झाले.

प्रश्न : माल दहा-दहा वर्षे तळघरात अडकवून ठेवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. हे त्यांना परवडते कसे? कुटुंबाची मालकी असल्याने वाइन चांगली होते, हे म्हणणेही मला भाबडे वाटते. — एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कुटुंबाच्या मालकीने वाइन आपोआप चांगली होत नाही. कौटुंबिक वायनऱ्यांतूनही सुमार वाइन भरपूर निघते, आणि मोठ्या कंपन्यांकडेही कुशल वाइनमेकर असतात. कुटुंबाकडे जी गोष्ट असू शकते ती म्हणजे मुदत. यंदा भरलेल्या पिंपाचा पैसा आपल्या कारकिर्दीत नाही आला तरी चालेल, असे म्हणणारा मालक लागतो, आणि दर तिमाहीला भागधारकांना हिशेब द्यावा लागणाऱ्या कंपनीला तसे म्हणणे कठीण असते.

परवडण्याचे गणित मात्र गूढ नाही. पहिली दहा वर्षे खरोखरच जड असतात. एकदा ती सरली की दरवर्षी एक साल तळघरात जाते आणि एक जुने साल बाहेर येते, त्यामुळे उत्पन्न थांबत नाही. बागा पिढ्यांपूर्वीच स्वतःच्या मालकीच्या झालेल्या असल्याने द्राक्षांसाठी बाजारावर अवलंबून राहावे लागत नाही. पिंपे घरच्या घरी जोडली जात असल्याने तो खर्चही आवाक्यात राहतो. शिवाय सगळाच माल दहा वर्षे थांबत नाही. ‘कुबियो’ ही त्यांची तांबडी वाइन सुमारे तीन वर्षे पिंपात राहते आणि बरीच आधी विक्रीला येते.

खरी कसोटी पैशापेक्षा बाजाराच्या चवीची होती. १९८० आणि १९९० च्या दशकांत रिओहातल्या अनेक वायनऱ्या गडद रंगाच्या, फळाचा दाट स्वाद असलेल्या आणि नव्या फ्रेंच ओकमध्ये ठेवलेल्या वाइनकडे वळल्या, कारण समीक्षकांना आणि निर्यातीच्या बाजाराला तेच हवे होते. फिकट विटकरी रंगाची, वाळलेल्या फळांचा आणि चामड्याचा गंध असलेली तोंदोनिया त्या काळात कालबाह्य समजली जात होती. घराण्याने आपली पद्धत बदलली नाही. आज याच वाइनची मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली आहे आणि किमतीही पूर्वीच्या कितीतरी पट झाल्या आहेत. जुन्या पद्धतीला चिकटून राहणारा प्रत्येक जण असा तरून जातो असे नाही. कित्येक घराणी अशाच काळात विकली गेली. म्हणून यशापेक्षा त्यांची चिकाटी मला महत्त्वाची वाटते. आणि ही माणसे नव्याला बिचकणारी नाहीत. १९१० च्या ब्रुसेल्स प्रदर्शनासाठी पणजोबांनी केलेला लाकडी मंडप त्यांनी जतन केला आणि त्याच्यासाठी नवी वास्तू उभारायला झाहा हदीद यांच्यासारख्या वास्तुविशारदांना बोलावले. ती वास्तू २००६ पासून वायनरीच्या दारात उभी आहे.

आपल्याकडच्या वाचकांना चटकन पटेल असा आणखी एक मुद्दा आहे, तो वाटण्यांचा. फ्रान्सच्या बर्गंडीत वारसाहक्काच्या कायद्याने बागांचे इतके तुकडे झाले की क्लो दे वूजो या सुमारे ५० हेक्टरांच्या एकाच बागेला आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. तोंदोनिया मात्र अखंड राहिली. बाग अखंड राहिली म्हणूनच तिचे शंभर वर्षांचे वर्तन एका घराच्या अनुभवात साठत गेले.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांची द्राक्षबाग आहे आणि गेली काही वर्षे आम्ही वाइनची द्राक्षे वायनरीला देतो. स्वतःची छोटी वायनरी काढण्याचा विचार आहे. स्पेनच्या या पद्धतीने आम्ही वाइन मुरवली तर नाशिकचा स्वभाव तिच्यात येईल का? — एक द्राक्षउत्पादक, दिंडोरी

उत्तर : त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलू नये, असे मी आपणास आग्रहाने सांगेन. कारण आपल्या हंगामातच आहे. आरोला वेल हिवाळ्यात झोपतो, एप्रिलच्या सुमारास फुटतो आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, दिवस थंड होत असताना द्राक्ष पिकते. आपल्याकडे वेलाला तशी झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून आपण वर्षाला एक पीक घेतो, आणि जानेवारी ते मार्च या काळात, दिवस तापत जात असताना, तोडणी येते. मण्यात साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. जानेवारीच्या थंड रात्री हा वेग थोडा रोखतात, पण मार्चच्या उन्हापुढे त्यांचे फार चालत नाही. अशा द्राक्षाची वाइन दहा वर्षे पिंपात ठेवली तर हाती फारसे काही उरणार नाही.

नाशिकने गेल्या पंचवीसेक वर्षांत जे कमावले ते वेगळ्या वाटेने कमावले. २००१ च्या राज्य धोरणाने वाइन उद्योगाला करसवलतींचा आधार दिला, शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या जाती इथे रुळल्या, आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. लवकर तोडून, थंड तापमानात आंबवून, ताजेपणीच प्यायची शेनिन हा आज नाशिकचा सर्वांत ओळखीचा चेहरा आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. तांबड्यात शिराझला इथले ऊन मानवते.

आरोच्या घराण्याकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. आपल्या बागेत हलक्या मुरमाचा उताराचा प्लॉट असेल आणि खाली काळ्या भारी जमिनीचा प्लॉट असेल, तर दोन्हींची द्राक्षे एकाच टाकीत ओतू नका. त्यांची वाइन वेगवेगळी करा, एकाच रीतीने करा आणि सलग काही वर्षे तशीच करत राहा. छाटणीची तारीख, तोडणीची तारीख, ब्रिक्स (रसातली साखर), आम्लता, त्या वर्षी भुरी किंवा डाऊनी हे बुरशीरोग किती आले, अवकाळी पाऊस केव्हा झाला, हे सारे प्लॉटनिहाय लिहून ठेवा. कुठल्या प्लॉटची वाइन दरवर्षी उठून दिसते हे पाच-सात हंगामांनंतर आपल्याला कोणाला विचारावे लागणार नाही. नवी लागवड करताना खुंटाचा निर्णय घाईने घेऊ नका. खाण्याच्या द्राक्षासाठी जोमाने वाढणारा डॉगरिज आपल्या हाताखालचा असला, तरी वाइनच्या द्राक्षाला वाढ आणि एकरी टनेज आटोक्यात ठेवणारा खुंट हवा असतो. याबाबत मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

पैशाच्या बाजूनेही सावध राहावे. नाशिकची यॉर्क ही गंगापूर धरणाजवळची वायनरी एका कुटुंबाने नावारूपाला आणली. तिचे नावही घरातल्या तीन मुलांच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे. २०२१ मध्ये ती शेजारच्या सुला या मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्यात वावगे काही नाही, पण वितरण, परवाने आणि प्रत्येक राज्याचे निराळे अबकारी नियम यांचा भार लहान वायनरीला किती जाणवतो, याचा विचार आपण आरंभीच करायला हवा. पहिली काही वर्षे अर्धी द्राक्षे पूर्वीप्रमाणे वायनरीला देत राहणे आणि उरलेल्यांची थोडीच वाइन करणे, हे मला शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : याच घराण्याची जुनी पांढरी वाइन भेट मिळाली आहे. रंग सोनेरी, जवळजवळ मधासारखा दिसतो. ती खराब झाली आहे का? आणि आमच्या दमट हवेत ती ठेवायची कशी? — एक वाचिका, मडगाव

उत्तर : खराब झालेली नसावी. तोंदोनियाची पांढरी वाइन व्हिउरा आणि थोड्या माल्वासियापासून करतात आणि तीही सहा वर्षांच्या आसपास पिंपात असते, त्यामुळे तिला हा रंग येतो. चवीत अक्रोड, मेण, सुक्या संत्रासालीचा गंध आणि शेवटी स्वच्छ आंबटपणा लागला, तर ती उत्तम स्थितीत आहे असे समजावे. केवळ व्हिनेगरचा झणका किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तरच शंका घ्यावी.

गोव्यात दमटपणाने बुचाचे नुकसान होत नाही. वाइनला मारते ती उष्णता. वाइनसाठीचे शीतकपाट नसेल तर बाटली आडवी ठेवून साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी आणि काही महिन्यांत संपवावी. पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढावी, कारण ही वाइन अगदी गार प्यायली तर तिचा गंध मिटून जातो. मीठ-हळद लावून भाजलेला इसवण किंवा काजूचे साधे पदार्थ तिच्यासोबत छान लागतात. तिखट हुमणासोबत मात्र ती उघडू नये.