जेट इंजिनाचं केसिंग तापून फुगतं, मग आतली पाती त्याला घासत कशी नाहीत?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: तापलेलं केसिंग, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं धातूचं कवच, आतल्या पात्यांना का घासत नाही, एवढ्या कंपनात ते टिकतं कसं, आणि एअरबस ए३२०निओ विमानाचं इंजिन सुरू व्हायला इतका वेळ का घेतं. मी बरीच वर्षं इंजिन ओव्हरहॉलच्या, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायच्या, शॉपमध्ये काढली आहेत. माझ्या लेखी हे तिन्ही प्रश्न एकाच भांडणातून येतात. उष्णता म्हणते, मला सैल सोड. कंपन म्हणतं, मला घट्ट बांध. आणि दोघांचं एकाच जोडावर ऐकावं लागतं.

आधी आकडे बघा. टर्बाइनपाशी, म्हणजे जिथे गरम वायू पात्यांना फिरवतो तिथे, केसिंगची त्रिज्या ३५० मिलिमीटर धरू. इन्कोनेल ७१८ सारखा निकेलचा मिश्रधातू दर अंशाला मीटरमागे साधारण १४ मायक्रॉन वाढतो. तो ५०० अंशांनी तापला, की त्रिज्या जवळजवळ अडीच मिलिमीटर वाढते. पात्याचं टोक आणि केसिंग यांच्यातली फट असते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वाढ फटीच्या पाचपट. फट मोठी ठेवून मोकळं व्हावं, तर गरम वायू काम न करताच पात्याच्या टोकावरून निसटतो. हाय प्रेशर टर्बाइनमध्ये, म्हणजे टर्बाइनच्या पुढच्या, सगळ्यात गरम भागात, ही फट फक्त पाव मिलिमीटरने कमी केली, तर इंधन साधारण एक टक्का वाचतं आणि एक्झॉस्टचं तापमान दहाएक अंशांनी उतरतं.

सगळे भाग बरोबरीने तापले असते, तर काम सोपं होतं. पण टेकऑफला वेग वाढताच डिस्क, म्हणजे पाती जिच्या कडेला बसवलेली असतात ती जाड चकती, केंद्रोत्सारी बलाने लगेच ताणली जाते. पाती पातळ, ती काही सेकंदांत तापतात. केसिंग त्यांच्या मागून येतं आणि जाडजूड डिस्क पूर्ण तापायला मिनिटं घेते. सगळ्यात नाजूक क्षण वेगळाच असतो. वैमानिकाने थ्रॉटल मागे घेतला, केसिंग भराभर निवून आकसलं, डिस्क मात्र अजून गरम आणि फुगलेली, आणि तेवढ्यात पुन्हा पूर्ण थ्रॉटल. तेव्हा फट मिटू शकते. म्हणून केसिंगच्या आतल्या बाजूला मुद्दाम मऊ, खरवडला जाईल असा थर किंवा मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवतात. पातं टेकलंच, तर झीज त्या थराची होते, पातं वाचतं. बेंचवर असा तुकडा हातात घेतला आणि ओरखडा एकाच बाजूला दिसला, की आम्ही आधी रोटर (शाफ्ट, डिस्क आणि पाती मिळून फिरणारा भाग) केंद्रात आहे का आणि केसिंग गोल आहे का, हेच तपासायचो.

क्रूझमध्ये, म्हणजे विमान उंचीवर सरळ उडत असताना, फट आवळायची युक्ती मला फार आवडते. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना पाहिलंय? लोहार लोखंडी धाव लालबुंद करून चाकावर चढवतो, पाणी ओततो, आणि ती आकसून लाकडाला घट्ट धरते. इथे पाण्याच्या जागी हवा असते. बोइंग ७३७ वरच्या सीएफएम५६-७बी इंजिनात कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या पुढच्या भागाच्या) चौथ्या आणि नवव्या स्टेजची, म्हणजे टप्प्याची, हवा हवी तशी मिसळून हाय प्रेशर टर्बाइनच्या आवरणाकडे सोडतात. मिश्रण किती गरम हवं, ते इंजिनाचा संगणक ठरवतो. त्यामागच्या लो प्रेशर टर्बाइनला तर बाहेरून भोकं पाडलेल्या नळ्यांचा वेढाच असतो. त्यांतून फॅनची थंड हवा केसिंगवर मारली जाते.

धातू निवडूनही मदत होते. इन्कोलॉय ९०९ हा मिश्रधातू चारशे अंशांपर्यंत इन्कोनेलच्या निम्म्याहून थोडाच जास्त वाढतो. पण त्यात क्रोमियम नाही, म्हणून फार तापलेल्या जागी तो ऑक्सिडेशनपुढे टिकत नाही.

आता कंपन. सीएफएम५६-७बीचा हाय प्रेशर टर्बाइनचा शाफ्ट १०० टक्के ठरलेल्या वेगाला मिनिटाला १४,४६० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २४१. काही बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगभोवती तेलाचा पातळ थर ठेवलेला असतो. रोटर थरथरला, की ते तेल पिळलं जातं आणि केसिंगकडे जाणारा हादरा तिथेच बराच जिरतो. इंजिन विमानाला टांगतानाही हाच विचार: एक माउंट (इंजिन टांगायचा आधार) थ्रस्ट, म्हणजे विमान पुढे ढकलणारा जोर, घेतो, दुसऱ्याच्या लिंक इंजिन उभं-आडवं घट्ट धरतात पण लांबीत वाढू देतात. केसिंगवरच्या पाइपांना वळणं असतात तीही याचसाठी. आमच्याकडे एकदा तेलगळतीचं इंजिन आलं होतं. पाइप जरा आखूड पडला म्हणून कुणीतरी ओढून नट आवळला होता. वाढायला जागा नाही, वरून थरथर. फेरुलच्या, म्हणजे पाइपच्या टोकावरच्या कड्याच्या, कडेला केसाएवढी चीर गेली होती. तेव्हापासून मी नव्या पोरांकडून आधी दोन्ही टोकं हाताने लावून घ्यायचो, पाइप आपोआप जागेवर बसतोय हे बघायचो, मग क्लॅम्प आणि शेवटी ठरलेल्या टॉर्कने नट आवळणं.

केसिंग गोल न राहिल्याची मोठी गोष्ट १९६९ची. पहिल्या बोइंग ७४७ च्या जेटी९डी इंजिनांत थ्रस्टच्या जोराने केसिंग लंबगोल व्हायचं आणि पाती घासायची. थ्रस्ट दोन ठिकाणी वाटून देणारी चौकट बसवल्यावर ते आटोक्यात आलं. तोवर बोइंगच्या अमेरिकेतल्या एव्हरेट कारखान्यात तयार विमानं इंजिनांविना उभी होती. १९७१ मध्ये मुंबईत आलेलं एअर इंडियाचं पहिलं ७४७, ‘एम्परर अशोक’, याच जातीच्या इंजिनांवर उडत होतं.

राहिलं ए३२०निओ. इंजिन बंद झाल्यावर आतली गरम हवा वर चढते, रोटरची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहते आणि तो किंचित कमानीसारखा वाकतो. तसाच वेगात फिरवला, तर थरथरेल आणि टोकं घासतील. म्हणून इंधन पेटवण्याआधी स्टार्टरवर त्याला हळू फिरवत ठेवतात, दोन्ही बाजू सारख्या निवेपर्यंत. तुम्हाला खिडकीशी बसून जी लांबलेली घरघर ऐकू येते, ती हीच.