चर्चच्या कारभाराबद्दल सामान्य कॅथलिक माणसाला विचारायचा हक्क आहे का?

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात राहायला आलोय, दर रविवारी मिस्साला जातो, दानही देतो, पण चर्चचा पैसा नि जागा यांचं काय चाललंय असं विचारलं की "ते फादर बघतील" एवढंच ऐकायला मिळतं. प्रापंचिकांनी गप्पच बसायचं असतं का?

नाही. विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो चर्चच्याच कायद्यात लिहिलेला आहे. मी ठाण्यातच वाढले, आमच्या धर्मग्राम परिषदेवर (धर्मग्राम म्हणजे एका चर्चखालचा परिसर आणि तिथली माणसं) कामही केलं. त्या काळात माझ्या लक्षात आलं की हा कायदा बहुतेकांनी कधी उघडूनच पाहिलेला नसतो. 1983 च्या धर्मसंहितेतलं, म्हणजे चर्चच्या या कायद्यातलं, कलम 212 सांगतं की चर्चच्या हिताच्या गोष्टींबद्दल आपलं मत धर्मगुरूंना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यसुद्धा. म्हणजे हिशेब विचारणारा माणूस श्रद्धेत कमी पडतो, हे जे आपल्याकडे बोललं जातं, त्याला काहीही आधार नाही. मला त्या बोलण्याचा फार त्रास होतो, कारण त्यामुळे चांगली, अभ्यासू माणसं दूर जातात.

आता पैशाचं. धर्मग्राम परिषद आणि आर्थिक समिती यांत लोक गल्लत करतात. धर्मग्राम परिषद असावी की नाही हे बिशप ठरवतात (कलम 536). आर्थिक समितीचं तसं नाही. कलम 537 प्रमाणे ती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. शिवाय कलम 1287 म्हणतं की लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यायचा. तो कसा द्यायचा याचे नियम स्थानिक पातळीवर ठरतात. म्हणून तुमचा पहिला प्रश्न "पैसा कुठे गेला" असा नको. "आपल्या आर्थिक समितीवर कोण आहेत, आणि वर्षाचा हिशेब लोकांपुढे कधी येतो?" असं विचारा. या प्रश्नाचा कुणालाच राग यायचं कारण नाही.

खरं दुखणं मात्र पुढे आहे. परिषदेचं मत फक्त सल्ल्यापुरतं. अध्यक्ष फादर, निर्णयही त्यांचाच. फादर ऐकून घेणारे असले तर सगळं छान चालतं. त्यांची बदली झाली की आधी ठरलेलं काम तिथल्या तिथे थांबतं. आमच्याकडे हे मी जवळून पाहिलं. घरोघर फिरून केलेली पाहणी, तिच्यावरून ठरलेल्या गोष्टी, सगळं फाइलमध्ये राहिलं. नवीन फादरांनी त्या पाहणीचं पुढे काय करायचं हेही कुणाला विचारलं नाही, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे असा नियमही नव्हता.

म्हणून 2021 ते 2024 या काळात झालेल्या सिनॉडकडे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक चर्चच्या विचारविनिमयाकडे, मी आशेने बघते. ऑक्टोबर 2023 च्या रोमच्या सभेत स्त्रियांना पहिल्यांदाच मतदान करता आलं. ऑक्टोबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मान्य केलेल्या अंतिम दस्तऐवजात आपल्या कामाच्या गोष्टी आहेत: अशा परिषदा सक्तीच्या कराव्यात, वार्षिक हिशेब शक्यतो बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा, आणि नीट विचारविनिमय करून निघालेलं मत डावलता येणार नाही. "केवळ सल्लागार" या शब्दांचा धर्मसंहितेत फेरविचार व्हावा, असंही त्यात आहे. त्याची अंमलबजावणी सुरू आहे, ऑक्टोबर 2028 मध्ये रोमला पुन्हा सभा आहे. तुमच्या परिषदेत हा दस्तऐवज वाचला गेला का, हे जरूर विचारा.

आणि लांब कशाला जायचं? ठाण्यात, नवी मुंबईत आपले कितीतरी मल्याळी शेजारी सिरो-मलबार या मूळ केरळातल्या चर्चचे आहेत. त्यांचा कल्याण धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला भाग) 1988 साली स्थापन झाला. त्यांच्याकडे पल्लियोगम ही जुनी परंपरा आहे. केरळात पूर्वी कुटुंबप्रमुख एकत्र बसून चर्चचा कारभार ठरवत. आज ते अधिकार पूर्वीसारखे नाहीत, तरी अंदाजपत्रक आणि हिशेब सभेपुढे ठेवायची रीत टिकून आहे. तेही कॅथलिकच, पोपला मानणारे. मग आपल्याकडे वर्षातून एकदा मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये हिशेब वाचून दाखवायला काय हरकत आहे?

आर्थिक समितीवर बायका किती, हेही बघा. झोनचं (वस्तीतल्या कुटुंबांच्या गटाचं) काम, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, आजारी माणसांच्या घरी जाणं हे बहुतेक आम्हीच करतो. समितीवर बसायला कायद्याची आडकाठी मुळीच नाही. नावं सुचवा, निदान दोन.

विचारताना एकटे जाऊ नका. चार-पाच कुटुंबांच्या सह्यांचं साधं, सभ्य पत्र द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तेच पत्र बिशपांच्या कार्यालयात द्या. चर्च ज्या न्यासाखाली नोंदलेलं आहे त्याला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेब तपासून घ्यावेच लागतात, तेव्हा धर्मादाय आयुक्तांचं दारही आहे. पण तिथे मी सगळ्यात शेवटी जाईन, कारण ते प्रकरण एकदा सुरू झालं की शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो, आणि रविवारी आपल्याला त्याच बाकांवर बसायचं असतं.