चार चॅनल, एक गाणं आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात चिपट्यूनबद्दल (जुन्या गेम मशीनच्या साउंड चिपवर किंवा तशाच आवाजात केलेल्या संगीताबद्दल) दोन ओळी काय लिहिल्या, तुम्ही प्रश्नांचा ढीगच पाठवलात. सगळे घेता येणार नाहीत, पण ज्यांत इतरांनाही काही मिळेल असे घेतोय.

प्रश्न : मला कुठलंच वाद्य येत नाही. ट्रॅकर (चिपट्यून लिहायचं सॉफ्टवेअर) डाउनलोड केला तर समोर नुसते आकडे आणि एबीसीडी, एक्सेल उघडल्यासारखं वाटलं आणि बंद केला. ग्रुपवर एक जण म्हणाला आधी खरा गेमबॉय घे, मगच मजा आहे. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, निदान आत्ता तरी नाही. गेमबॉयवर चालणारं एलएसडीजे (हाही ट्रॅकरच) इम्युलेटरवरही, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमबॉयची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवरही चालतं, आणि फर्नेस नावाचा फुकट ट्रॅकर आहे त्यात गेमबॉय, निन्टेंडोचा जुना एनईएस, कमोडोर ६४, सेगा जेनेसिस अशा जुन्या मशीनचे ढीगभर चिप एकाच ठिकाणी मिळतात. तेही जड वाटलं तर ब्राउझरमध्ये बीपबॉक्स उघडा, माउसने चौकोन ओढायचे, अख्खं गाणं त्या लिंकमध्येच साठवलेलं असतं, लिंक पाठवली की झालं.

ट्रॅकरला घाबरू नका हो, वाचायला सोपा असतो. वेळ वरून खाली जातो, प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक चॅनल (एका वेळी एकच सूर वाजवणारा आवाज), आणि एका रोमध्ये (आडव्या ओळीत) आधी सूर, मग इन्स्ट्रुमेंट, मग आवाज किती मोठा, मग इफेक्ट, एवढंच. आकडे हेक्समध्ये असतात म्हणून ९ नंतर १० न येता ए येतो, एफ म्हणजे १५. स्पीड ६ लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ एक रो ६ टिक चालते, टिक म्हणजे मशीनच्या वेळेचा छोटा ठोका. एनईएस सेकंदाला ६० टिक देतो (अमेरिकी-जपानी मशीन), म्हणजे सेकंदाला १० रो, आणि ४ रोची एक मात्रा धरली तर मिनिटाला १५० मात्रा. युरोपातल्या ५० टिकवाल्या मशीनवर तेच गाणं १२५ वर येतं. हे एकदा कळलं की स्पीडचं गूढ संपतं.

पण खरी शाळा वेगळी आहे. या छंदात बरेच लोक गाण्यासोबत मूळ मॉड्यूल फाइलपण (ट्रॅकरमध्ये उघडणारी, सगळे चॅनल वेगळे दिसणारी) देऊन टाकतात. ती उघडायची आणि एकेक चॅनल म्यूट करत ऐकायचं. दुसऱ्या कुठल्या संगीतात कोणी असं पोट उघडून दाखवतं सांगा. एखादं आवडलेलं गाणं घ्या, एकच चॅनल चालू ठेवा, आणि बघा त्यात किती कमी आहे.

प्रश्न : एनईएससाठी गाणं करतोय. पल्स (चौकोनी लहरीचे चॅनल) दोनच आहेत, कॉर्डला तीन सूर लागतात, मग सुरावट कुठे टाकू? सगळं एकतर रिकामं वाटतं नाहीतर गोंगाट. इतरांचं इतकं भरलेलं कसं वाटतं?

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण चिपट्यूनची जवळपास सगळी कारागिरी याच अडचणीतून आलेली आहे.

आधी कॉर्ड. तीन सूर एकदम वाजवायचेच नाहीत, एकाच चॅनलवर एकामागून एक इतक्या वेगात वाजवायचे की कानाला एकच गुच्छ वाटतो. इफेक्ट ०४७ टाका, म्हणजे मूळ सूर, मूळ सुराच्या ४ अर्धस्वर वरचा, आणि मूळ सुराच्याच ७ अर्धस्वर वरचा, झाला मेजर कॉर्ड, ०३७ केलं की मायनर. दर टिकला सूर बदलतो, सेकंदाला ६० टिक म्हणजे तीन सुरांचं चक्र सेकंदाला २० वेळा फिरतं. तो जो खळखळणारा आवाज सगळ्यांना चिपट्यूनचा म्हणून ओळखीचा आहे तो हाच. मात्र पूर्ण गाणंभर वापरू नका, कान किटतो.

मग ट्रँगल, म्हणजे त्रिकोणी लहरीचा चॅनल. त्याला आवाज कमी-जास्त करताच येत नाही, चालू किंवा बंद, बस. म्हणून लोक त्याला बेसला बसवतात आणि फेड करायच्या ऐवजी सूर लवकर तोडतात. त्याच ट्रँगलवर एखाद्या सुराच्या सुरुवातीला पिच झपकन वरून खाली पाडली की ठोक्यासारखं लागतं, म्हणजे बेस आणि किक एकाच चॅनलवर, वर नॉइज (नुसत्या खरखरीच्या) चॅनलचा छोटा फटका जोडला की कोणाला कळतही नाही.

सुरावट पहिल्या पल्सवर, आणि दुसऱ्या पल्सवर कॉर्ड नसेल तिथे तीच सुरावट दोन-तीन रो उशिरा, आवाज अर्ध्याहून कमी करून. लगेच जागा मोठी वाटायला लागते. दुसरा चॅनल अडकलेला असेल तरी सुरावटीच्या दोन सुरांमधल्या मोकळ्या रोमध्ये आधीचाच सूर हळू आवाजात परत टाकता येतो, इको तयार. ड्यूटीपण (पल्सची लहर एका फेरीत किती वेळ वर राहते ते) बदलून बघा : १२.५ टक्के म्हणजे बारीक, नाकातला आवाज, ५० टक्के म्हणजे गोल पोकळ. २५ आणि ७५ एकट्याने ऐकले तर सारखेच वाटतात, त्यात वेळ घालवू नका. दोन्ही पल्स एकाच ड्यूटीवर आणि एकाच पट्टीत ठेवलेत तर गोंगाट होणारच, तुमचं बहुतेक तेच होत असावं.

लांब सुरांना थोडं व्हायब्रेटो (सुराची हलकी थरथर), आणि मींड हवी असेल तर स्लाइडचा इफेक्ट आहे, तो आपल्या कानाला फार गोड लागतो.

कमोडोर ६४ वाल्यांचं तर अजून भारी. १९८२ चा सिड चिप, आवाज (म्हणजे चॅनल) फक्त तीन, पण गाणं वाजत असताना एकाच आवाजाचा वेव्हफॉर्म (लहरीचा आकार) बदलता येतो. मग एक क्षण नॉइज, लगेच पल्स, ड्रम आणि बेस एकाच आवाजात आणि वर फिल्टर. त्या तिघांना एकेक करून म्यूट करून ऐकाच.

प्रश्न : मी नेहमीच्या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये चिपसारखे आवाज वापरून, रिव्हर्ब वगैरे लावून गाणं केलं. एकाने लिहिलं, ‘हे फेकबिट आहे.’ वाईट वाटलं. खरंच हे चिपट्यून नाही का?

उत्तर : खऱ्या चिपच्या मर्यादेत बसत नसेल तर त्याला फेकबिट म्हणतात, ते वर्णन म्हणून बरोबर आहे, शिवी म्हणून वापरलं तर म्हणणाऱ्याचा प्रॉब्लेम. तसं शुद्धतेचं बघायला गेलं तर १९८७ च्या अल्टिमेट साउंडट्रॅकर या ट्रॅकरनंतर अमिगा कॉम्प्युटरवर जी चिपट्यून आली ती एवढ्याएवढ्या सँपलचा (साठवलेल्या आवाजाच्या तुकड्याचा) लूप करून जुन्या चिपची नक्कलच करत होती, अमिगाच्या पॉला चिपला चार सँपल चॅनल होते, पल्सबिल्स काही नव्हतं. म्हणजे नक्कल या छंदाच्या मुळातच आहे.

फक्त एक करा, स्पर्धेत टाकताना नियम वाचा. ‘गेमबॉयच्या फाइल’ मागितल्या असतील तर तिथे फेकबिट टाकणं बरं नाही, बाकीचे चार चॅनलमध्ये घाम गाळत असतात.

प्रश्न : एक तासात गाणं करायची स्पर्धा असते त्यात उतरावं का? माझं एक गाणं व्हायला महिना लागतो. आणि दुसऱ्यांच्या गाण्यांवर काय लिहायचं तेही कळत नाही, सगळे ‘मस्त’ लिहितात म्हणून मीपण ‘मस्त’.

उत्तर : उतरा. महिना लागतो तो बहुतेक पहिल्या १६ रो परत परत घासण्यात जातो, एक तासात घासायला वेळच नसतो त्यामुळे शेवट तरी होतो. ६४ रोचे दोन पॅटर्न (गाण्याचे तुकडे), एक बेस, एक सुरावट, लूप, झालं. शेवटची १० मिनिटं नवीन काही सुचलं तरी हात लावू नका, आवाजांचा तोल बघा आणि फाइल पाठवा, ऐनवेळी एक्स्पोर्ट फसतो हे सगळ्यांना माहीत आहे तरी सगळ्यांचं होतं.

अभिप्रायाचं म्हणाल तर ‘मस्त’ ला कोणी उत्तर देत नाही कारण त्यावर बोलायला काही उरत नाही. ‘दुसऱ्या भागात बेस थांबतो आणि नॉइज एकटा राहतो ते आवडलं, ते ठरवून केलं का?’ असं विचारा, समोरचा तासभर बोलेल. आवडलं नाही तर तेही सांगा, पण कुठल्या ठिकाणी ते सांगा.

प्रश्न : हेडफोनवर माझं गाणं छान वाटतं, मोबाइलच्या स्पीकरवर बेस गायब आणि घरचे म्हणतात डोकं दुखतं.

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. ट्रँगलमध्ये वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) फार कमी असतात, छोट्या स्पीकरला खालचा सूर वाजवताच येत नाही, म्हणून बेस जातो. एक ऑक्टेव्ह वर घ्या. डोकेदुखी बहुधा उंच पट्टीतल्या पल्समुळे, ती एक ऑक्टेव्ह खाली आणा आणि नॉइजचा आवाज दोन-तीन पायऱ्यांनी कमी करा. त्यानंतरही घरचे तक्रार करत असतील तर मग मात्र हेडफोनच.