दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो. दुपारी घरी वृद्ध आई आणि शाळेतून येणारी मुलगी एवढ्याच असतात. गेल्या महिन्यात फाटकाच्या आत ठेवलेली सायकल चोरीस गेली, तेव्हापासून घराला कॅमेरे बसवावेत असे घाटत आहे. हाताशी पैसे मोजकेच आहेत. एका विक्रेत्याने स्वस्तात आठ कॅमेऱ्यांचा संच देऊ केला आहे, दुसऱ्याचे म्हणणे असे की चारच घ्या पण ४के घ्या, आणि वायफायवर चालणारे लहान कॅमेरे या दोन्हींपेक्षा कमी पैशांत मिळत आहेत. यांतले काय घ्यावे?

उत्तर : आपल्या पत्रात कॅमेऱ्यांची संख्या आहे, किंमत आहे, ४के आहे, पण कॅमेऱ्याने आपल्याला नेमके काय दाखवावे याचा उल्लेख मात्र नाही, आणि माझ्या मते खरेदीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. काही काळापूर्वी एका परिचितांकडे चोरी झाली आणि चित्रण पाहण्यासाठी त्यांनी मला बोलावले. त्यांच्याकडे चार कॅमेरे होते. छताच्या कडेला बसवलेल्या पहिल्या कॅमेऱ्यात चोराच्या टोपीचा माथा दिसत होता, दुसऱ्यात त्याची पाठ, तिसऱ्यात फाटकापाशी हलणारी एक फिकट आकृती. चौथ्याच्या भिंगासमोर कोळ्याने जाळे विणले होते आणि रात्रीच्या इन्फ्रारेड प्रकाशात ते जाळेच सगळा पडदा व्यापून झुलत होते. चित्र थांबवून, मोठे करून, पुन्हा पुन्हा पाहिले, तरी चौकोनी ठिपक्यांपलीकडे काही हाती लागले नाही. ते गृहस्थ एवढेच म्हणाले, “माणूस आला होता हे तर मला आधीच ठाऊक होते.” त्यांचे हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही, कारण त्यांनी पैसे खर्च केले होते ते चेहरा मिळावा म्हणून.

चेहरा मिळेल की नाही हे आधी मोजून पाहता येते. आयईसी ६२६७६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्यासाठी पायऱ्या ठरवून दिल्या होत्या : दृश्याच्या एक मीटर रुंदीला सुमारे २५ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, मिळाले तर तिथे कोणी आहे एवढे कळते, १२५ मिळाले तर आधी पाहिलेला माणूस ओळखता येतो, आणि अगदी अनोळखी माणसाची ओळख शंकेला जागा न ठेवता पटवायची असेल तर २५० लागतात. १०८०पी, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात. त्याला २५०ने भागले की साडेसात मीटरांच्या थोडी वर रुंदी येते. बाजारात सर्वाधिक दिसणारे २.८ मिलिमीटरचे भिंग सुमारे १०० अंशांचा पट्टा पाहते, त्यामुळे ही रुंदी कॅमेऱ्यापासून अवघ्या तीन मीटरांवरच भरून जाते. सहा मीटरांवर तोच कॅमेरा ओळखीचा माणूस कसाबसा दाखवील. अनोळखी माणसाच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. हाच दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ मिलिमीटरचे भिंग लावून घेतला, तर त्याचा पट्टा निम्म्यावर येतो आणि सात मीटरांपर्यंत चेहरा नीट मिळतो. भिंग बदलून मागितल्याने किमतीत सहसा फारसा फरक पडत नाही, आणि तरीही विक्रेत्याला हा प्रश्न विचारणारे ग्राहक मला क्वचितच भेटले आहेत.

४के कॅमेऱ्यात आडवे पिक्सेल दुप्पट असतात, म्हणून दिवसा तो दुप्पट अंतरावरचा चेहरा पकडतो, हे खरे. मात्र स्वस्त ४के कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या तेवढ्याच लहान संवेदकावर चौपट पिक्सेल दाटीवाटीने बसवलेले असतात. प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो, आणि रात्री चालत्या माणसाचा चेहरा फरफटल्यासारखा पुसट उमटतो. बेताच्या पैशांत मला दोन ते चार मेगापिक्सेल, चांगला संवेदक आणि एफ १.६ किंवा त्याहून कमी आकड्याचे, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारे भिंग, हा मेळ अधिक विश्वासाचा वाटतो.

आपल्या घरासाठी मी आठ नव्हे, तीन कॅमेरे सुचवीन. पहिला मुख्य दाराशी, दोन-सव्वादोन मीटर उंचीवर, अरुंद पट्ट्याचा, येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे रोखलेला. दुसरा फाटक आणि मोकळी जागा पाहणारा, रुंद पट्ट्याचा. तिसरा मागच्या दाराला. पहिल्या कॅमेऱ्यापर्यंत कोणाचा हात पोहोचेल ही भीती रास्त आहे, म्हणून तो दुसऱ्या कॅमेऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावा. पण त्या भीतीपोटी कॅमेरा छताशी नेला की टोप्यांचेच चित्रण जमते. दार उघडताच बाहेरचा झगझगीत उजेड येणाऱ्याच्या पाठीमागे असेल, तर चेहरा काळवंडतो, तेव्हा दाराच्या कॅमेऱ्यात डब्ल्यूडीआर ही उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळणारी सोय खरी, म्हणजे संवेदकाच्याच पातळीवर असलेली पाहून घ्यावी. माहितीपत्रकात तिच्यापुढे १२० डेसिबल असा आकडा दिलेला असतो. डिजिटल डब्ल्यूडीआर म्हणून जे विकले जाते ते चित्र नंतर उजळवण्याचे काम आहे.

घरगुती सुरक्षेसाठी कॅमेरा वापरण्याची कल्पनाही मुळात दाराशीच जन्मली, हे इथे सांगावेसे वाटते. न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये अशा योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आणि आतल्या खोलीत पडदा : उंच माणूस असो की लहान मूल, बाहेर कोण आहे हे दार न उघडता कळावे, एवढीच त्यांची गरज होती. आपल्या आईची आणि मुलीची दुपारची गरज नेमकी तीच आहे. म्हणून दाराच्या कॅमेऱ्याचे चित्र मोबाइलखेरीज आईंना सहज दिसेल अशा एखाद्या पडद्यावरही येईल, आणि बाहेरच्याशी आतूनच बोलता येईल, अशी व्यवस्था करता आली तर जरूर करावी.

राहिला तारेचा प्रश्न. घर स्वतःचे असेल आणि भिंतीतून तार नेता येत असेल, तर तारेचीच यंत्रणा घ्यावी. तिच्यात दोन प्रकार आहेत. कोअॅक्सियल केबल आणि डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, ही जोडी सर्वांत स्वस्त पडते, फक्त प्रत्येक कॅमेऱ्याला विजेची वेगळी तार न्यावी लागते. एनव्हीआर, म्हणजे नेटवर्कवरून चित्रण घेणारी तशीच पेटी, आणि पीओई कॅमेरे थोडे महाग असतात, पण एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात आणि ती केबल शंभर मीटरपर्यंत नेता येते. केबल मात्र शुद्ध तांब्याची आहे याची खात्री करून घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाहेरून हुबेहूब तशीच दिसते. लांब अंतरावर तिच्यात विजेचा दाब घटतो, मग रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागतो आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्याला दिला जातो. तारेच्या टोकाचा थोडा भाग खरवडून पाहिला की आतला पांढरा धातू लगेच दिसतो.

प्रश्न : चित्रण किती दिवस साठून राहते? आमच्याकडे १ टीबीची हार्ड डिस्क देऊ असे सांगितले आहे. ती पुरेल का?

उत्तर : हे गणित घरी करता येते. एच.२६५ पद्धतीने दाबलेले १०८०पी चित्रण साधारणपणे सेकंदाला २ मेगाबिट जागा घेते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणून आठने भागले की २१.६ जीबी होतात. तीन कॅमेऱ्यांचे दिवसाला जवळपास ६५ जीबी, म्हणजे १ टीबीमध्ये सुमारे पंधरा दिवस. डिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण पुसले जाऊन त्यावर नवे लिहिले जाते. जुन्या एच.२६४ पद्धतीत तेवढ्याच स्पष्टतेसाठी साधारण दुप्पट जागा लागते, म्हणून डीव्हीआर किंवा एनव्हीआर एच.२६५ जाणणारा घ्यावा. चित्रांचा वेग सेकंदाला १५ ठेवला तरी घरासाठी पुरे आहे. चोरी बहुधा घर बंद असतानाच होते आणि परतल्यावर कळते, तेव्हा आपण जास्तीत जास्त किती दिवस बाहेरगावी असता तेवढे दिवस आणि वर एक आठवडा, असा हिशेब धरावा.

संगणकातली साधी डिस्क अहोरात्र लिहीत राहण्यासाठी बनवलेली नसते. कॅमेऱ्यांसाठीच्या डिस्क वेगळ्या मिळतात, त्याच घ्याव्यात. चित्रण साठवणारी पेटी बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली ठेवू नये. चोराने ती उचलून नेली की सगळेच गेले. कुलपाच्या कपाटात, पण हवा खेळती राहील अशा जागी ती असावी. आणि वीज गेल्यावर कॅमेरे, पेटी आणि राउटर ही तिन्ही चालू राहतील अशी बॅटरीची सोय तिच्या शेजारीच करावी. महिन्यातून एकदा पेटीतील घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा, कारण वीस मिनिटे मागे पडलेल्या घड्याळाचे चित्रण तपासात गोंधळ उडवते.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो, भिंतींना छिद्रे पाडण्याची परवानगी नाही. बॅटरीवर चालणारा वायफाय कॅमेरा चालेल का? त्याच्या क्लाउड योजनेचे शुल्क भरावे का?

उत्तर : आपल्यासाठी वायफाय कॅमेराच योग्य आहे, मात्र शक्य असेल तर तो विजेच्या प्लगवर चालणारा घ्यावा. बॅटरीचा कॅमेरा एरवी झोपलेला असतो आणि उष्णतेची हालचाल जाणवली की जागा होतो. या जागे होण्यात जो वेळ जातो तेवढ्यात भरभर चालणारा माणूस निघूनही जातो. शिवाय त्याच्यातील उष्णता टिपणाऱ्या पीआयआर संवेदकाला समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस लवकर जाणवतो, म्हणून बॅटरीचाच घ्यावा लागला तर तो येणाऱ्याच्या वाटेला थोडा तिरपा लावावा. राउटरपासून कॅमेऱ्यापर्यंत भिंती असतील तर २.४ गिगाहर्ट्झवरच जोडावा. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असतो, पण भिंतींपलीकडे तो लवकर क्षीण होतो.

क्लाउडबद्दल, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीकडे चित्रण साठवण्याबद्दल, माझे मत असे की मेमरी कार्डावर चित्रण साठवता येत नाही असा कॅमेरा घेऊच नये. काही कॅमेरे खरेदीच्या वेळी स्वस्त दिसतात, पण शुल्क थांबले की मागचे चित्रण पाहता येत नाही आणि हाती फक्त चालू चित्र उरते. पाच वर्षांचे शुल्क मूळ किमतीत मिळवून मगच दोन कॅमेऱ्यांची तुलना करा. १२८ जीबीच्या कार्डावर सलग चित्रणाचे पाच-सहा दिवस मावतात. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेले, ‘हाय एन्ड्युरन्स’ असे लिहिलेले घ्यावे. एकट्या दाराच्या कॅमेऱ्यासाठी क्लाउड घेण्यात अर्थ आहे, कारण कॅमेराच पळवला तरी पळवणाऱ्याचा चेहरा मागे राहतो.

प्रश्न : कॅमेरा बाहेर लावता येत नाही म्हणून खिडकीच्या आतून लावला. दिवसा छान दिसते, रात्री पडदा पांढराफटक होतो. कॅमेरा सदोष आहे का?

उत्तर : नाही. त्याचे इन्फ्रारेड दिवे काचेवर आपटून परत त्याच्याच डोळ्यात येत आहेत. सेटिंगमधून ते दिवे बंद करा आणि बाहेर एखादा साधा दिवा लावा, चित्र सुधारेल. बाहेर बसवायचाच झाला तर धूळ-पाण्यापासून बचावाच्या आयपी ६६ किंवा आयपी ६७ दर्जाचा घ्या, आणि दर पंधरवड्याला मऊ कापडाने त्याची काच पुसून कोळ्याची जाळी काढा. बाहेरच्या दिव्याच्या उजेडाकडे किडे येतात आणि किड्यांमागे कोळी येतो.

प्रश्न : घरातला कॅमेरा बाहेरचा कोणी पाहू शकतो असे वाचले आणि धास्ती बसली. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा अगदी साधे असते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा तिच्याजवळ कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठाहून थोड्या अधिक जोड्यांची यादी होती, एवढेच. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता त्यांची उपकरणे तिला आपसूक मिळाली. म्हणून बसवणारा कारागीर घरातून जाण्यापूर्वी आपण स्वतः, आपल्या हाताने, नवा आणि लांब पासवर्ड घाला. तो त्याला सांगू नका, आणि पेटीवर चिकटवूनही ठेवू नका. दुहेरी पडताळणी असेल तर ती चालू करा. कंपनी सुरक्षेचे अद्यतन किती वर्षे देणार आहे हे स्वस्त कॅमेरा घेताना विशेष तपासावे, कारण काटकसर बहुधा इथेच झालेली असते. झोपण्याच्या खोलीत कॅमेरा ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : आमच्या फाटकाच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचा जिना येतो. त्यांनी हरकत घेतली आहे. आमच्या भिंतीवर आमचा कॅमेरा असताना त्यांना हा अधिकार आहे का?

उत्तर : भिंत आपली असली तरी जिन्यावरून जाणारी माणसे त्यांच्या घरातली आहेत, आणि त्यांची हरकत मला योग्य वाटते. घराच्या कॅमेऱ्याचा पट्टा सार्वजनिक जागेवर पडत असेल तर ती निव्वळ खासगी बाब राहत नाही, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. देशोदेशी नियम वेगळे असले तरी त्यामागचा विचार सगळीकडे समजण्यासारखा आहे. आवाजाच्या ध्वनिमुद्रणाचे नियम अनेक ठिकाणी त्याहून कडक असतात, तेव्हा बाहेरच्या कॅमेऱ्याचे ध्वनिमुद्रण बंदच ठेवावे. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग कायमचा काळा करण्याची सोय असते. त्या सोयीने जिना झाका, किंवा भिंग बदलून पट्टा अरुंद करून घ्या, म्हणजे आपल्याही फाटकाशी आलेल्याचा चेहरा अधिक स्पष्ट येईल. मग शेजाऱ्यांना घरी बोलावून, आपल्या पडद्यावर आता काय दिसते ते त्यांना दाखवा.