बँका गरिबांसाठी घेतल्या की खुर्चीसाठी?

प्रश्न: आमच्याकडे दर दिवाळीला एकच भांडण ठरलेलं. आजोबा म्हणतात इंदिराबाईंनी १९६९ ला बँका सरकारी केल्या म्हणून गावात शाखा आली आणि आपल्या विहिरीला कर्ज मिळालं. काका म्हणतो कसले गरीब नि कसलं काय, सगळं खुर्ची वाचवायला. गेल्या वर्षी तर काका फराळ अर्धा टाकून उठून गेला. नक्की खरं कोणाचं? आणि ते 'अंतरात्म्याचा आवाज' काय प्रकरण होतं?
(एक वाचक, कराड)

उत्तर: काकाला आधी परत बोलवा आणि चकली द्या, कारण तारखा त्याच्या बाजूने आहेत.

मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले, जागा रिकामी झाली. काँग्रेसमधली जुनी खोडं म्हणजे कामराज, निजलिंगप्पा, मुंबईचे स. का. पाटील, ज्यांना लोक सिंडिकेट म्हणायचे, त्यांना तिथे आपला माणूस हवा होता. १२ जुलैला बंगळुरात पार्लमेंटरी बोर्डाने (पक्षाचे उमेदवार ठरवणारी समिती) संजीव रेड्डींचं नाव बहुमताने ठरवलं, बाईंचा विरोध असताना. आणि त्यात रेड्डींच्या बाजूने मत कोणाचं, तर तुमच्याच कराडच्या यशवंतरावांचं! हे आजोबांना विचारा, विषय बदलतील.

पुढचं बघा. १६ ला मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं, ते मंत्रिमंडळातूनच बाहेर पडले. १९ ला, शनिवारी, पन्नास कोटींच्या वर ठेवी असलेल्या १४ बँका वटहुकमाने सरकारच्या (त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती आणि गंमत म्हणजे सिंडिकेट नावाची बँकसुद्धा होती). वटहुकमावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची, त्यांनी दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला राजीनामा दिला, आणि सोमवारी २१ ला संसदेचं अधिवेशन सुरू होणार होतं, म्हणजे वटहुकमाची खिडकीच बंद होणार होती (अधिवेशन चालू असताना वटहुकूम काढता येत नाही). बंगळुरात बाईंनी पाठवलेल्या टिपणात पाच-सहा मोठ्या बँकांची नुसती शक्यता मांडलेली होती. दहा दिवसांत पाच-सहाच्या चौदा झाल्या. एवढी घाई गरिबासाठी कोण करतं हो.

पण म्हणून आजोबा खोटे पडत नाहीत. आधी बँकांच्या एकूण कर्जातला शेतीचा वाटा दोनेक टक्के होता, बँक म्हणजे गिरणीमालक आणि व्यापारी यांचं दुकान. १९६९ ला देशभरात आठ हजारांच्या आसपास शाखा होत्या, १९९० पर्यंत साठ हजारांच्या घरात गेल्या आणि त्यातल्या कितीतरी खेड्यांत उघडल्या. पुढे थकबाकी, लोन मेळे, वशिला हेही सगळं आलंच, ते काका सांगेलच. मला विचाराल तर खुर्चीसाठी घेतलेल्या निर्णयानेसुद्धा विहीर होऊ शकते, आणि विहीर झाली म्हणून निर्णय खुर्चीसाठी नव्हता असं होत नाही. तुमच्या घरात दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

आता अंतरात्मा. रेड्डींच्या अर्जावर बाईंचीच सही होती आणि ऐन मतदानाच्या तोंडावर त्यांनी आपल्याच लोकांना सांगितलं, मनाला पटेल तसं मत द्या, म्हणजे वाटलं तर गिरींना. हाच तो आवाज. निमित्त काय, तर निजलिंगप्पा मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाशी बोलत होते. त्या दोन पक्षांचा उमेदवार होता आपला सी. डी. देशमुख, तोच ज्याने १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रीपद सोडलं होतं. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. कोणालाच निम्मी नाहीत, मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजली. देशमुखांकडची बरीच रेड्डींकडे वळली तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटले. पक्षाचा अधिकृत उमेदवार पक्षाच्याच पंतप्रधानाने पाडला असं लोक उघड बोलायला लागले.

नोव्हेंबरात बाईंनाच पक्षातून काढलं आणि काँग्रेसची दोन शकलं झाली, इंडिकेट (बाईंची) आणि सिंडिकेट. गावोगावी कमिट्या फुटल्या, पुढे बैलजोडी हे पक्षाचं निवडणूक चिन्हच गोठलं आणि बाईंना गाय-वासरू घ्यावं लागलं. यशवंतराव तोवर बाईंकडे परत आले होते. त्यावर लोक तेव्हा जे बोलले ते इथे छापता येणार नाही, पण महाराष्ट्रातली काँग्रेस बरीचशी एकसंध राहिली ती त्यामुळेच असं माझं मत.

आणि हो, १० फेब्रुवारी १९७० ला सुप्रीम कोर्टाने तो बँकांचा कायदा रद्दही केला होता. चारच दिवसांत नवा वटहुकूम आला. हे काकाला माहीत नसेल तर सांगू नका, नाहीतर लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त टळेल.

एक काम करा. आजोबांच्या ट्रंकेत जुनं पासबुक किंवा कर्जाचा कागद असेल तर विहिरीच्या कर्जाची तारीख आणि शाखा बघा. भूविकास बँक किंवा सोसायटीचं निघालं, म्हणजे सरकारी केलेल्या बँकेचं नाहीच, तर मात्र यंदा आजोबा फराळावरून उठतील.